वायरीतून चढलेलं पाणी: पुरात भिजलेल्या गाडीच्या ईसीयूचं एक प्रकरण

२०२१ च्या सप्टेंबरात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या दुकानासमोर एक डिझेल गाडी टोचन करून आणली. २०११ चं मॉडेल, चार सिलिंडर, कॉमन रेल, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल. सोबत मालक आले होते. चिखलीचे शेतकरी, वय साठीच्या पुढचं. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही तेच म्हणतो. हातात कागद होता, त्यावर एका सर्व्हिस सेंटरनं लिहून दिलं होतं, ‘ईसीयू बदलावा लागेल.’ ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर. नवा ईसीयू आणि कोडिंग मिळून जो आकडा होता तो ऐकून आबांनी गाडी तिथून उचलली होती.

आधी गाडीचा इतिहास सांगतो, कारण या प्रकरणात अर्धं निदान इतिहासातच होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०२१ च्या जुलैत पाणी त्याच्याही खूप वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. चिखलीला पुराची सवय आहे. माणसं-जनावरं सोनतळीला हलतात. आबांनी म्हशी तिकडे हलवल्या आणि गाडी शाहूपुरीत लेकीच्या घरी लावली, शहरात सुरक्षित राहील म्हणून. नेमकं त्या गल्लीत पाणी शिरलं. दोन दिवस गाडी सीटपर्यंत पाण्यात उभी होती. बॅटरीचं टर्मिनल कुणी काढलं नव्हतं. घरातली माणसं सामान माडीवर चढवत होती, गाडीच्या टर्मिनलचं कुणाला सुचणार?

पूर ओसरल्यावर पहिल्या गॅरेजवाल्यानं काम नीट केलं होतं, हे मुद्दाम सांगतो. त्यानं थेट सेल्फ मारला नाही. हीटर प्लग काढून इंजिन हातानं फिरवलं, सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढलं, ऑइल दोनदा बदललं, एअर फिल्टर टाकून दिला, सीट उन्हात वाळवल्या. गाडी चालू झाली आणि तीन आठवडे चांगली चालली. मग एक दिवस शिवाजी पुलाजवळ चालता चालता बंद पडली. दहा मिनिटांनी आपोआप चालू झाली. पुढे हे वारंवार व्हायला लागलं. आधी इंजिनचं फिरणं ओळखणारा क्रँक सेन्सर बदलला, मग डिझेलचा दाब मोजणारा रेल प्रेशर सेन्सर. शेवटी एका सकाळी चावी फिरवली तर इंजिनचा दिवाच लागला नाही.

जुन्या बाजारातून त्याच नंबरचा एक ईसीयूही लावून बघितला होता. त्यावर इंजिनचा दिवा लागला, स्कॅनर बोलला, पण इंजिन धरेना, कारण इमोबिलायझरची, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची, चावीशी ओळख जुळत नव्हती. या प्रयोगाकडे ‘फसला’ म्हणून सगळ्यांनी दुर्लक्ष केलं. मला त्यातून एक गोष्ट कळली: दुसरा ईसीयू जागा होतो, म्हणजे गाडीतून ईसीयूपर्यंत येणारा सप्लाय बहुतेक ठीक आहे. बहुतेकच. खात्री मोजल्याशिवाय होत नाही.

पेटी उघडण्याआधी

बॅटरी १२.५ व्होल्ट. चावी ऑन केली की ईसीयूचा सप्लाय जोडणाऱ्या मेन रिलेचा ‘टक्’ आवाज यायला हवा, तो नाही. स्कॅनर लावला तर ब्रेकचं एबीएस आणि दिवे-दारांचं बॉडी मॉड्यूल बोलतात, इंजिन बोलत नाही. बाकीच्यांनी एकच कोड धरून ठेवलेला: यू०१००, म्हणजे इंजिनच्या ईसीयूशी संपर्क तुटला.

मग बॅटरीचं टर्मिनल काढून डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला. ज्या दोन वायरींवरून हे सगळे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या कॅन लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही शाबूत असतील तर मीटर ६० दाखवतो. इथे १२० दाखवत होता. म्हणजे एक टोक हरवलेलं. या गाडीत एक टोक ईसीयूच्या आत आहे. ईसीयूचा कपलर, म्हणजे वायरिंगचा जोडणीचा प्लग, काढून कपलरच्या बाजूनं मोजलं, तरी १२०, म्हणजे वायर शाबूत आहे, पलीकडचा रेझिस्टर दिसतोय. रेझिस्टरला जागं व्हायला करंट लागत नाही. ईसीयू झोपलेला असो, मेलेला असो, रेझिस्टर आपल्या जागी असेल तर दिसणारच. तो दिसत नाही, याचा अर्थ ईसीयूच्या आत काहीतरी शब्दशः तुटलेलं आहे. दोन मिनिटांच्या मोजमापात एवढं कळतं, आणि त्याला मल्टिमीटरशिवाय काही लागत नाही.

सप्लाय मात्र मी मीटरवर तपासत नाही. वायरीतला एक तंतू शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. मी २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब लावतो. तो पावणेदोन अँपिअर खेचतो, तेव्हा वायरीची खरी ताकद कळते. कपलरच्या जाडीला बसेल एवढीच पिन घालायची, जाड प्रोब कोंबला की आतलं टर्मिनल फाकतं आणि आपणच नवा दोष तयार करतो. कायमचा सप्लाय, चावीचा सप्लाय, रिले हातानं जोडून त्याच्यामागचा सप्लाय, सगळीकडे बल्ब लख्ख लागला. अर्थिंगही स्वच्छ.

तेव्हा कुठे मान्य केलं, की दोष ईसीयूच्या पेटीच्या आत आहे.

या टप्प्यावर एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिला जेवढं वजन द्यायला हवं होतं तेवढं दिलं नाही. कपलर काढला तेव्हा त्याच्या रबरी सीलच्या आत दोन थेंब पाणी होतं. पूर जाऊन दीड महिना झाला होता. मी कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, हवा मारली आणि पुढे गेलो.

प्लेटीवर

ईसीयूची ॲल्युमिनियमची पेटी चिकट सीलंटनं बंद केलेली असते. गरम करून, पातळ पात्यानं कडेकडेनं सोडवावी लागते. घाई केली तर पातं आतल्या सर्किटच्या प्लेटीत जातं. झाकण निघालं आणि कपलरच्या बाजूला पांढरट-हिरवा फुलोरा दिसला, तुरटी फुलल्यासारखा. भिंग लावलं. बॅटरीच्या कायमच्या सप्लायची पिन मुळाशी निम्म्याहून अधिक खाल्लेली, जो भाग उरला तो काळा आणि भुसभुशीत. चिमट्यानं हात लावताच तुटून पडली. शेजारची अर्थची पिन मात्र जवळपास नव्यासारखी.

हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे. नुसत्या पाण्यानं गंज चढला असता तर दोन्ही पिना सारख्या खराब झाल्या असत्या. इथे प्लसची पिन खाल्ली गेली, अर्थची राहिली. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी, खत, मीठ सगळं मिसळलेलं असतं, ते वीज वाहून नेतं. प्लसच्या पिनेचा धातू त्यात विरघळतो आणि अर्थच्या दिशेनं सरकतो. पत्र्याला मुलामा देण्याच्या हौदात जे मुद्दाम करतात, तेच इथे नकळत झालं. पाण्याचं विघटन व्हायला सव्वा व्होल्टही पुरतो, इथे बारा होते. टर्मिनल काढलेलं असतं तर हीच गाडी तेवढंच पाणी पिऊन कदाचित नुसत्या साफसफाईत सुटली असती. म्हणून पुराची पातळी वाढायला लागली की मी ओळखीच्या प्रत्येकाला एकच सांगतो: गाडी हलवता येत नसेल तर दहा नंबरचा पाना घ्या आणि मायनसचं टर्मिनल काढा.

डाग देण्याआधी, म्हणजे सोल्डरिंगला हात घालण्याआधी, मेमरी वाचून घेतली. आठ पायांची ९५३२० चिप, चार किलोबाइटची. एवढ्याशा जागेत चावीची ओळख असते. ती गेली तर दुरुस्त झालेला ईसीयूही गाडी चालू करणार नाही. दोनदा वाचलं, दोन्ही फाइली जुळवून बघितल्या, मगच पुढे गेलो. गडबडीत आधी गरम हवा मारून नंतर वाचायला बसलेली माणसं मी बघितली आहेत. त्यांचा ग्राहक मग नव्या ईसीयूचेच पैसे देतो.

प्लेट ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं मऊ ब्रश घेऊन धुतली. प्लेटीवरच्या संरक्षक लॅकरच्या खालीही ओल शिरली होती, तिथला लॅकर खरवडून काढला. तुटलेल्या पिनेच्या जागी भंगार ईसीयूतली तशीच पिन बसवली. कॅनचा रेझिस्टर स्वतः चांगला होता, पण त्याच्याकडे जाणारा केसाएवढा ट्रॅक मधल्या मध्ये विरघळला होता. बारीक इनॅमल वायरीनं तो पूल जोडला. कपलरवर मोजलं, १२० आले.

तिसरा दोष शोधायला वेळ लागला. सेन्सरांना जाणारा ५ व्होल्टचा सप्लाय अर्थशी शॉर्ट होता, जेमतेम ३ ओहम. गाडी मधूनच बंद पडत होती ती बहुधा यामुळेच: ५ व्होल्ट बसले की रेल प्रेशर सेन्सर, क्रँक सेन्सर सगळ्यांचं वाचन एकदम कोसळतं आणि स्कॅनर प्रत्येकाचं नाव घेतो. दोन चांगले सेन्सर त्यापायी बदलले गेले होते. त्या लाइनवर डझनभर बारीक कपॅसिटर, कुठला शॉर्ट आहे ते डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी मी बेंचच्या सप्लायवरून त्या लाइनला फक्त एक व्होल्ट देतो, करंटला मर्यादा लावून, आणि प्लेटीवर अल्कोहोलचा पातळ थर सोडतो. जो शॉर्ट असतो तो गरम होतो. सगळी प्लेट ओली चकाकत असते आणि मोहरीएवढा एकच ठिपका आधी कोरडा पडतो. तोच कपॅसिटर. उचलला, शॉर्ट गेला, नवा बसवला.

बेंचवर १३ व्होल्ट दिले. स्कॅनर बोलला. गाडीत बसवला, चावी फिरवली, मेन रिले टक् करून वाजला. दुसऱ्या सेल्फला इंजिन धरलं. सॉकेटवर ६० ओहम, सेन्सरवर ४.९८ व्होल्ट. पेटी बंद करताना मी सीलंट हात सैल सोडून लावला. पुराची गाडी, पुन्हा ओल शिरायला नको, म्हणून झाकणावर, कडेला, जिथे जिथे फट किंवा छिद्र वाटलं तिथे सगळीकडे. आबा समाधानानं गेले.

नऊ दिवसांनी

नवव्या दिवशी सकाळी फोन आला. गाडी गोठ्याशेजारी बंद. कोड पी०६४२, सेन्सरचा ५ व्होल्ट कमी.

दुकानात कपलर काढला. आत पुन्हा पाणी. पेटी उघडली, तर मी बसवलेल्या नव्या पिनेच्या मुळाशी ताजा हिरवा डाग. गाडी नऊ दिवस पत्र्याखालीच लावली जात होती, धुतलेली नव्हती, कपलरचं सील मी स्वतः तपासलं होतं. माझी पहिली शंका सीलवरच होती आणि मी नवं सील शोधायला लागलो. आबा बाकड्यावर बसून बघत होते.

“मिस्त्री, वरनं न्हाय येत ते,” आबा म्हणाले. “नदीवरच्या मोटारीचा जॉइंट उघडा राहिला तर पाणी वायरीतनं चालत स्टार्टरपर्यंत येतंय. वरनं प्लास्टिक कोरडं आणि आतनं वायर वली. लई बार बघितलंय मी.”

मी कात्री घेतली. कपलरपासून दोन बोटांवर एका वायरीचं आवरण सोललं. तांब्याची तार नारिंगी दिसायला हवी, ती काळी होती. चिमटीत दाबली तर बोटाला ओल लागली. एक वीत पुढे सोललं, तिथेही काळी, तिथेही ओली. तसंच माग काढत बॅटरीच्या ट्रेखाली पोचलो. तिथे वायरिंग वळ्यावळ्यांच्या प्लास्टिक पाइपातून सगळ्यात खालच्या पातळीला जातं आणि त्याच ठिकाणी ५ व्होल्टच्या वायरीचा कारखान्यातला जोड होता. पाइपाची टेप कापली आणि अर्धा कप गढूळ पाणी माझ्या हातावर आलं. जुलैचं पाणी, सप्टेंबर संपत आला तरी तिथेच. खालून टेप घट्ट, वरून ऊन नाही, वाळणार कसं?

एवढ्यानं अर्धंच कोडं सुटलं. तारांच्या बारीक फटींतून पाणी वर चढतं, वातीत तेल चढतं तसं, हे खरं. पण मूळ दोष यायला तीन आठवडे लागले होते आणि माझ्या दुरुस्तीनंतर नऊच दिवस. नवी पिन, साफ प्लेट, तरी दुप्पट घाईनं बिघडलं. माझ्या हातून काहीतरी जादा झालं होतं.

पेटी पुन्हा हातात घेतली. झाकणाच्या कोपऱ्यात बटणाएवढी एक गोल जागा असते, तिच्यात पातळ पडदा. त्यातून हवा जाते-येते, पाणी जात नाही. ते ईसीयूचं नाक. पुराच्या गाळानं ते आधीच जवळपास बुजलं होतं. जी थोडी वाट उरली होती ती मी सीलंट भरून पूर्ण बंद केली होती.

याचा परिणाम हिशेबानं बघा. गाडी चालताना पेटीतली हवा समजा ७० अंशांपर्यंत तापली. इंजिन बंद केल्यावर रात्री ती २५ अंशांवर आली. बंद पेटीत हवेचा दाब सुमारे १३ टक्क्यांनी उतरतो. हा ओढा सव्वा मीटर उंचीचं पाणी खेचायला पुरेसा आहे. नाक उघडं असतं तर पेटीनं त्या वाटेनं हवा आत घेतली असती. नाक बंद, झाकण बंद, मग उरली एकच वाट: वायरींच्या आतली पोकळी. आणि त्या वायरींचं दुसरं टोक पाण्यात बुडालेलं. रोज संध्याकाळी आबा गाडी लावायचे आणि रात्रभर ईसीयू नळीनं पाणी ओढत बसायचा. मी त्याला जितका घट्ट बंद केला तितका तो जास्त प्यायला.

हे आबांना सांगितलं, माझी चूक म्हणूनच सांगितलं, आणि दुसऱ्या दुरुस्तीचे मजुरीचे पैसे घेतले नाहीत. ज्या दोषाचं मूळ मी शोधलं नाही त्याची दुरुस्ती मी एकदा विकली होती.

दुसरी दुरुस्ती

प्लेटीचं काम या वेळी तासाभराचं होतं. वेळ गेला वायरिंगला. काळ्या पडलेल्या चारही वायरी ईसीयूच्या कपलरपासून निरोगी तांबं लागेपर्यंत कापून टाकल्या. दोन वायरींत ते तांबं ६० सेंटिमीटरनंतर मिळालं. काळ्या तारेवर डाग बसत नाही, बसल्यासारखा दिसला तरी महिन्यात सुटतो. म्हणून ओढूनताणून वाचवायचा प्रयत्न केला नाही. त्याच जाडीची नवी वायर, कपलरमध्ये नवी टर्मिनल. प्रत्येक जोड वेगळ्या उंचीवर, आतून गोंद असलेली स्लीव्ह गरम करून बसवली. गोंद दोन्ही कडांतून बाहेर डोकावला पाहिजे, तेव्हाच पाणी अडतं. साधी स्लीव्ह आणि काळी टेप यांनी जोड झाकला जातो, बंद होत नाही. पाइपाला सगळ्यात खाली एक भोक ठेवलं, पाणी आलंच तर थांबू नये म्हणून. कपलरच्या आधी वायरिंगला खाली झोळ दिला.

नाकातला सीलंट आणि गाळ काढला. पडदा फाटला होता, भंगार ईसीयूच्या झाकणावरचा चांगला पडदा काढून लावला आणि सीलंट फक्त कडेच्या खाचेत भरला.

या वेळी गाडी लगेच दिली नाही. पाच दिवस ठेवून घेतली. रोज संध्याकाळी कावळा नाका ओलांडून महामार्गावर तासभर फिरवायची, गरम गरम आणून लावायची, रात्रभर थंड होऊ द्यायची. सकाळी कपलर काढून पिनांना टिश्यू पेपर टेकवायचा. पहिल्या सकाळी एका कोपऱ्यात पुसटसा ओलावा आला आणि माझ्या पोटात गोळा आला. तो कपलर साफ करताना राहिलेला असणार, कारण दुसऱ्या दिवशी कागद कोरडा आला. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्याही दिवशी कोरडा. सेल्फ मारताना अर्थिंगवरचा व्होल्टेज ड्रॉप ०.०६ व्होल्ट, ५ व्होल्टची लाइन तापल्यावरही ४.९८ वर स्थिर.

तेव्हापासून पुरातली गाडी आली की मी कपलरच्या मागची एक वायर आधीच दोन बोटं सोलून बघतो. तांबं काळं असेल तर ईसीयूला हात लावण्याआधी वायरिंग खाली उतरवतो आणि ग्राहकाला तसा खर्च सांगतो. काहींना तो पटत नाही, ते दुसरीकडे जातात. इलाज नाही.

आबांची गाडी अजून त्याच ईसीयूवर चालते. २०२४ च्या जुलैत पंचगंगेनं पुन्हा धोका पातळी ओलांडली, त्या दिवशी सकाळी सातला त्यांचा फोन आला. मागे म्हशींचा आवाज येत होता.

“मिस्त्री, गाडी सोनतळीला आणली. मायनस काढून ठेवलाय. आणि ते नाक, त्याच्यावर काय झाकू का मोकळंच ठेवू?”

“मोकळंच ठेवा, आबा.”